कुकी-संमती

संकेतस्थळाने भेट देणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली मजकुराची छोटी नोंद म्हणजे कुकी. नोंदीचे नाव, मूल्य, मुदत आणि ती कोणत्या स्थळाला परत द्यायची एवढा तपशील तिच्यात असतो. एकूण आकार साधारण चार किलोबाइटच्या आत. त्या स्थळाकडे पुन्हा काही मागितले, की ब्राउझर ही नोंद सोबत पाठवतो. आवश्यक नसलेली अशी नोंद ठेवण्यापूर्वी माणसाला विचारणे आणि त्याच्या होकार-नकाराप्रमाणे वागणे, याला कुकी-संमती म्हणतात. व्यवसायाचे स्थळ लहान असले, तरी ही जबाबदारी मालकाचीच राहते.

वेबचे दळणवळण मुख्यतः एचटीटीपी या पद्धतीने चालते आणि ही पद्धत विसराळू आहे. पान उघडून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे, हे तिला कळत नाही. ऑनलाइन दुकानात निवडलेल्या वस्तू दुसऱ्या पानावर गेल्यावरही टोपलीत राहाव्यात, ही अडचण १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील अभियंता लू माँटुली यांनी कुकीने सोडवली. नाव युनिक्स प्रणालीतील ‘मॅजिक कुकी’ या जुन्या संज्ञेवरून आले. सर्वसामान्य वापरकर्त्यांना मात्र या सोयीचा पत्ता नव्हता. फेब्रुवारी १९९६ मध्ये फायनान्शिअल टाइम्सने त्यावर लिहिल्यानंतर खाजगीपणाची चर्चा सुरू झाली.

आपल्याच स्थळाने ठेवलेली कुकी ही स्वपक्षीय. खरेदीची टोपली, लॉगिन, निवडलेली भाषा यांसाठी ती लागते. पानात जोडलेल्या दुसऱ्या कंपनीच्या कोडच्या तुकड्याने ठेवलेली कुकी ही त्रयस्थ. एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा हजारो स्थळांवर असला, की तीच कुकी सगळीकडून परत जाते आणि एका माणसाची भटकंती सलग जुळवता येते. लहान व्यावसायिकाच्या स्थळावर असे तुकडे बहुधा नकळत येतात. दुकानाचा पत्ता दाखवणारा नकाशा, यूट्यूबची चित्रफीत, फेसबुकचे बटण, जाहिरातीचा परिणाम मोजणारा पिक्सेल, वर्डप्रेसचे एखादे प्लगइन हे त्यांचे नेहमीचे दरवाजे. गूगल ॲनालिटिक्सची मुख्य कुकी स्वपक्षीय म्हणून बसते, पण तिने जमवलेली माहिती गूगलकडे जाते. तिची मूळ मुदत दोन वर्षांची आहे.

संमतीची सक्ती प्रथम युरोपात आली. २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशात २००९ मध्ये दुरुस्ती झाली आणि वापरकर्त्याच्या उपकरणावर काही साठवण्यास किंवा तिथले काही वाचण्यास पूर्वसंमती आवश्यक ठरली. मागितलेली सेवा देण्यासाठी अनिवार्य असलेल्या कुकींना यातून सूट आहे. संमती कशाला म्हणायचे, हे २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण कायद्याने ठरवले: ती मुक्तपणे, विशिष्ट हेतूसाठी, माहिती घेऊन आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. ऑक्टोबर २०१९ मध्ये प्लॅनेट४९ खटल्यात युरोपीय न्यायालयाने आधीच खूण केलेली चौकट ही संमती नव्हे, असा निर्णय दिला. होकार एका क्लिकवर आणि नकार अनेक क्लिकनंतर, अशी रचना ठेवल्याबद्दल फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले.

हे सारे बड्या कंपन्यांचे प्रकरण आहे, असा समज धोक्याचा आहे. फॅशन आयडी या जर्मन ऑनलाइन कपडे-विक्रेत्याने आपल्या पानावर फेसबुकचे ‘लाइक’ बटण बसवले होते. ते न दाबणाऱ्याचीही माहिती पान उघडताच फेसबुककडे जात होती. ती गोळा करण्यास आणि पाठवण्यास फेसबुकसोबत विक्रेताही जबाबदार आहे, असे जुलै २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने तर गूगलच्या सर्व्हरवरून अक्षरवळण (फॉन्ट) मागवणाऱ्या एका स्थळाला १०० युरोंची भरपाई द्यायला लावली, कारण त्यात पाहुण्याचा आयपी पत्ता विनासंमती गूगलकडे गेला होता. तिथे कुकीचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर जर्मनीत असंख्य छोट्या स्थळमालकांना पैशांची मागणी करणारी पत्रे गेली. अक्षरवळणाची फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली असती, तर हे टळले असते.

सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे संमती विचारणारी पट्टी नुसती शोभेची असणे. पट्टी दिसते, पण माणसाने काही निवडण्याआधीच सगळ्या कुकी बसलेल्या असतात. काही ठिकाणी ‘नाकारा’ दाबूनही त्या बसतात. अशा पट्टीने संमती मिळत नाही. तपासणी सोपी आहे. खाजगी खिडकीत स्वतःचे स्थळ उघडावे, पट्टीला हात लावू नये आणि क्रोमच्या डेव्हलपर साधनांतील ‘ॲप्लिकेशन’ विभागात कुकींची यादी पाहावी. अनिवार्य नसलेले काही तिथे दिसले, तर जोडणी चुकली आहे. होकार आणि नकार यांची बटणे सारख्याच ठळकपणे, शेजारीशेजारी असावीत. दिलेली संमती नंतर सहज काढून घेता यावी. संमती कधी आणि कशासाठी मिळाली, याची नोंद मालकाकडे असावी. मात्र फोन नंबर, पत्ता आणि वस्तूंचे फोटो एवढेच दाखवणाऱ्या स्थळाला मागोवा घेणाऱ्या कुकींची मुळात गरज नसते. त्या काढून टाकल्या, की पट्टीचीही गरज उरत नाही. बहुतेक छोट्या व्यवसायांसाठी हाच मार्ग योग्य आहे.

भारतातून चालणारे स्थळ केवळ युरोपात उघडते म्हणून त्याला जीडीपीआर लागू होत नाही. पण कोल्हापुरी चप्पल किंवा दिवाळीचा फराळ युरोपात घरपोच देऊ, असे सांगून युरोमध्ये किंमत लावणारा विक्रेता त्याच्या कक्षेत येऊ शकतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत बहुतेक मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. अधिनियमात ‘कुकी’ हा शब्द नाही. पण कुकीतून ओळखता येणाऱ्या माणसाची माहिती जमत असेल, तर ती वैयक्तिक डेटात मोडते. अठरा वर्षांखालील मुलांचा मागोवा घेणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवणे यांना मनाई आहे. शिकवणी वर्ग आणि खेळण्यांची दुकाने चालवणाऱ्यांनी हे कलम विशेष ध्यानात ठेवावे. सुरक्षेच्या पुरेशा उपायांअभावी डेटा फुटल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, असे कायदा सांगतो. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो, आणि त्या बावीस भाषांत मराठी आहे.