कृष्णविवराची गिरकी कशी मोजली?

आजची गोष्ट एका वादाची. दीर्घिकेच्या मधोमध बसलेलं महाकाय कृष्णविवर स्वतःभोवती किती वेगानं फिरतं, हे खरंच मोजता येतं का?

1963 मध्ये रॉय कर यांनी फिरत्या कृष्णविवराचं गणित मांडलं. त्यातून एक भारी गोष्ट कळते. भोवतीची वायूची चकती विवराच्याच दिशेनं फिरत असेल, तर विवर जितकं जोरात फिरेल तितकी चकतीची आतली कड विवराच्या जवळ सरकते. म्हणजे कड कुठे आहे ते शोधा, गिरकी सापडली!

पण इतक्या लांबून ती कड दिसणार कशी? इथे मदतीला येतं लोखंड. चकतीतल्या लोखंडावर क्ष-किरण पडले की ते साधारण 6.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण बाहेर टाकतं. आलेखावर एक बारीक शिखर दिसायला हवं. पण विवराला खेटून निघालेल्या किरणांची ऊर्जा गुरुत्वाकर्षणामुळे घटते आणि शिखराला कमी ऊर्जेकडे शेपूट फुटतं. कड जितकी आत, शेपूट तितकं लांब.

1995 मध्ये यासुओ तानाका आणि सहकाऱ्यांनी जपानच्या अस्का उपग्रहातून एमसीजी-6-30-15 या दीर्घिकेत हे शेपूट दाखवलं. झालं काम? छे! काही शास्त्रज्ञ म्हणाले, वाटेतल्या वायूच्या ढगांनी थोडे किरण गिळले तरी आलेख असाच दिसेल. खरं सांगू, मला हा आक्षेप रास्त वाटतो. तेव्हाच्या दुर्बिणींना 10 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पलीकडे नीट दिसत नव्हतं आणि त्याच्या आत दोन्ही उत्तरं जुळत होती.

मग 2012 मध्ये नासाची नूस्टार दुर्बीण गेली. तिची नजर 79 पर्यंत. तिनं आणि युरोपच्या एक्सएमएम-न्यूटननं एनजीसी 1365 दीर्घिका एकत्र पाहिली. जास्त ऊर्जेच्या भागात नुसत्या ढगांचा हिशोब जुळेना. 2013 मध्ये निकाल आला: हे विवर शक्य तितक्या कमाल गिरकीच्या किमान 84 टक्के गिरकीनं फिरतंय.

याचं एवढं काय? गिरकी म्हणजे विवराची मेसची वही आहे. वाटेल त्या दिशेनं थोडाथोडा वायू पडला, तर गिरकी मंद राहते. एकाच दिशेनं भरपूर वायू आला, तर ती वाढते. म्हणजे हे विवर कसं मोठं झालं, ते आपल्याला लोखंडाच्या एका वाकड्या रेषेतून वाचता येतं.

भेटू पुढच्या भागात!