मोटारींचा मुक्काम आणि शहराचे रस्ते

रस्ता हा मूळचा येण्याजाण्यासाठीं. परंतु त्याच्या कडेचीं घरें बदललीं कीं त्याचें कामहि बदलतें. मुंबईंतील दादर-माटुंगा भागाचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगची साथ आली. कोंदट व दाट वस्ती हें तिचें मूळ, असें सरकारचें मत झालें, आणि १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनें जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले व उत्तरेकडे दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नवी वसाहत आंखली. रस्त्यांची रुंदी, इमारतींमधील अंतर, मजल्यांची मर्यादा हें सारें हवा व उजेड यांच्या हिशेबानें ठरलें. दोन-तीन मजली इमारतींत मध्यमवर्गीय कुटुंबें भाड्यानें राहूं लागलीं. त्यांचें जाणेंयेणें ट्राम व आगगाडीनें चाले. मोटार ही थोड्या धनिकांची वस्तु होती. म्हणून बहुतेक इमारतींत मोटारखाना बांधण्याची गरज कोणास भासली नाहीं. १९३३ सालीं ट्रस्ट नगरपालिकेंत विलीन झाला. रस्ते मात्र त्याच मापाचे राहिले.

पुढें दोन गोष्टी घडल्या. १९८३ च्या अखेरीस मारुतीची लहान मोटार बाजारांत आली आणि मध्यम स्थितींतील घरांच्या दारांशीं मोटारी उभ्या राहूं लागल्या. नंतर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनें, दुरुस्तीसाठीं उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीस जादा चटईक्षेत्र दिलें. तीन मजल्यांच्या जागीं उंच मनोरे उठले. नियमाप्रमाणें त्यांत मोटारींसाठीं जागाहि राखली गेली. मग रस्ता मोकळा कां झाला नाहीं?

याचें उत्तर साध्या गणितांत आहे. समजा, एका इमारतीची रस्त्याकडील बाजू २० मीटर आहे. एका मोटारीस सुमारें ५ मीटर लागतात. म्हणजे तेथें चार मोटारी मावतात. नव्या मनोऱ्याच्या दोन फाटकांनीं १० मीटर अडविले कीं सार्वजनिक जागा निम्मी झाली. आंतील जागा रहिवाशांची. पाहुणे, विक्रेते व सामानाचे टेंपो यांचा भार रस्त्यावरच पडतो. शिवाय आंत सोय झाली कीं दुसरी मोटार घेण्याचा मोह होतो. म्हणून केवळ आंतील जागा मोजून भागत नाहीं. रहिवाशांच्या मोटारी घरीं असतात तेव्हां मध्यरात्रीं, व दुकानें उघडीं असतात तेव्हां दिवसां, अशी रस्त्याची मोजणी बांधकामापूर्वीं व नंतर झाली पाहिजे. तीहि सबंध गल्लीची. एक मनोरा गल्लीला सोसतो, दहा सोसत नाहींत.

२००८ सालीं मुंबईंत आणखी एक उपाय योजला गेला. सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या बिल्डरांस जादा चटईक्षेत्र मिळूं लागलें. वाहनतळ झाले, पण बाहेर फुकट जागा मिळत असतां पैसे भरून आंत जाणारे थोडेच निघाले. अखेर २०१९ सालीं महापालिकेनें अशा तळांच्या आसपास रस्त्यावर मोटार ठेवणारांस जबर दंड सुरू केला. जपाननें मात्र १९६२ सालींच वेगळी वाट धरली. रस्त्याबाहेर मोटार ठेवण्याची जागा आपणांस आहे, हें मालकानें दाखविलें पाहिजे, असा तेथील कायदा आहे. तेथें इमारतीबरोबर मोटारमालकालाहि जबाबदार धरलें गेलें. मुंबईंत सारा भर इमारतीवरच राहिला.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. दोन्ही कडांस मोटारींच्या रांगा लागलेल्या गल्लींत आगीचा बंब वेळेवर पोंचत नाहीं, आणि पदपथ अडल्यामुळें मुलें व वृद्ध यांस वाहनांमधून चालावें लागतें. एका पिढीनें रोगापासून जीव वांचविण्यासाठीं जे रस्ते रुंद केले, ते मोटारींचें कोठार म्हणून वापरावयाचे काय, याचा विचार प्रत्येक नव्या इमारतीस परवानगी देतांना झाला पाहिजे.