शिवराईच्या ठशांची साक्ष

आमच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या देवघरांतील एक शिवराई आम्हांस दाखविण्यास आणिली होती. हळदकुंकवाच्या पुटांनीं तिचीं अक्षरें बुजत चाललीं होतीं. ‘ही प्रत्यक्ष महाराजांच्या वेळची, रायगडावर पाडलेली,’ असें त्याची आजी घरांत सर्वांस सांगत असे. आम्हीं ती भिंगाखालीं न्याहाळली आणि मोठ्या पेचांत पडलों. कारण तिच्यावरील दोन ओळींच्या मधून दोन आडव्या दांड्या स्वच्छ गेल्या होत्या. ती दुदांडी शिवराई होती. म्हणजे पेशवाईंतील किंवा तिच्याही मागाहूनची. खरें सांगावें तर म्हातारीच्या श्रद्धेचा भंग, न सांगावें तर विद्येशीं प्रतारणा!

इ. स. १६७४ मध्यें रायगडावर राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन व तांब्याची शिवराई हीं त्या नव्या राज्याचीं नाणीं. शिवराईच्या एका अंगास तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास दोन ओळींत ‘छत्र पति’, आणि भोंवतीं बिंदूंचें कडें. महाराज १६८० मध्यें निवर्तले. पण शिवराई त्यांच्याबरोबर संपली नाहीं. पुढील छत्रपतींच्या व पेशव्यांच्या अमदानींत, इतकेंच नव्हे तर १८१८ मध्यें पेशवाई बुडाल्यावरही कांहीं काळ, ती त्याच नांवानें पडत राहिली. तेव्हां नुसतें नांव वाचून तिचा काळ ठरविणें म्हणजे पुण्याच्या अंकुशी रुपयावर दिल्लीच्या बादशहाचें नांव आहे, म्हणून तो दिल्लीस पडला असें म्हणण्यासारखेंच होय.

मग प्रमाण कोणतें मानावें? आमचें उत्तर असें कीं, ठसा. त्या काळीं नाणें हातानें पाडीत. खालचा ठसा ऐरणींत पक्का बसवीत, त्यावर तांब्याची चकती ठेवीत आणि वरचा ठसा धरून त्यावर घण घालीत. घणाचा मार वरच्या ठशास थेट बसे. म्हणून तो लवकर झिजे अथवा तडके, आणि खालच्या जुन्या ठशास वरचा नवा जोडीदार मिळे. एका ठशाचीं नाणीं अशा रीतीनें दुसऱ्या ठशाच्या नाण्यांशीं साखळीच्या कड्यांप्रमाणें जोडलीं जातात. ठशास गेलेली बारीक चीर नाण्यावर उंचावलेल्या रेघेच्या रूपानें उमटते. ती रेघ ज्यावर लहान तें नाणें आधींचें, ज्यावर मोठी तें मागाहूनचें. बखरकार चुकेल, पण चीर मागें फिरून सांधली जात नाहीं.

प्रत्येक ठसा कारागीर स्वतंत्र कोरी. त्यामुळें कोठें ‘शिव’, कोठें ‘सिव’, कोठें ‘पति’ तर कोठें ‘पती’ असे पाठ आढळतात. शुद्धलेखनाचा अभिमानी वाचक ‘सिव’ पाहतांच नाणें खोटें ठरवील; तसें करूं नये. हस्तलिखितांचे पाठभेद आपण आदरानें टिपून ठेवितों, मग तांब्यावरील पाठभेदांचाच तिटकारा कां?

नाण्यावर साल असलें म्हणजे हा प्रश्न सुटतो, असेंही नाहीं. पाश्चात्य पद्धतीच्या टांकसाळींत पूर्वीं सालाचे आंकडे एकेका पोलादी छापानें ठशावर ठोकीत. छाप निसटला तर पुन्हा ठोकावा लागे, आणि पहिल्या आंकड्याची सांवली दुसऱ्याच्या मागें राही. कधीं गतसालचा ठसा मोडींत न काढतां त्याच्याच शेवटच्या आंकड्यावर नवा आंकडा चढवीत. आणि आपल्याकडील राणीछाप रुपया पाहा! १८६२ हें साल घालून तो पुढें कित्येक वर्षें पाडला गेला. सारांश, नांव काय किंवा साल काय, नाण्यावरील अक्षर हें टांकसाळीचें म्हणणें आहे. ठसा हा तिचा साक्षीदार आहे.

मात्र या साक्षीदारास बोलतें करण्यास नाणीं पुष्कळ लागतात. शिवराईचा ठसा बहुधा चकतीहून मोठा असे. म्हणून एकावर ‘श्री’ कापली जाते, दुसरीवर ‘व’ कांठाबाहेर जातो. एक संपूर्ण ठसा मनांत उभा करावयाचा तर अनेक अपुरीं नाणीं शेजारीं मांडावीं लागतात. पुण्याच्या जुन्या बाजारांत हौशी ग्राहक स्वच्छ अक्षरांची शिवराई निवडून घेतो आणि झिजलेल्या, तुटक्या अक्षरांच्या मागें टाकतो. परंतु साखळींतलें हरवलेलें कडें बहुधा त्या टाकलेल्या ढिगांतच असावयाचें. अशा किती शिवरायांचें तांबें वितळून त्याचे हंडे-कळशा झाले असतील, याचा हिशेब आतां कोण देणार? १९१० मध्यें इतिहासाचार्य राजवाडे प्रभृतींनीं याच पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, आणि जुना कागद वाण्याच्या पुडीस देऊं नये हें आमच्या घरांस हळूहळू उमगलें. झिजल्या तांब्याविषयीं तें अद्याप उमगावयाचें आहे.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं अखेर खरेंच सांगितलें. त्याचा चेहरा उतरला. तेव्हां आम्ही म्हणालों, ‘अरे, स्वतःच्या राज्यांत स्वतःच्या नांवाचें नाणें कोणीही राजा पाडील. पण राजा जाऊन शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी बाजारानें त्याच्याच नांवावर विश्वास ठेवावा, असे राजे किती झाले? तुझी शिवराई महाराजांच्या हातची नाहीं. ती त्यांच्या मागें उरलेल्या विश्वासाची आहे. आजीस हें सांग, आणि शिवराई पुन्हा देवघरांत ठेव. मात्र तत्पूर्वीं तिच्या दोन्ही अंगांचा ठसा कागदावर घेऊन आम्हांस दे.’

तो कागद आज आमच्या संग्रहीं आहे. आणि शिवराई, आम्हांस वाटतें, तिच्या योग्य जागीं आहे.