बराकपूरची हिरवळ

फाल्गुन लागला की बराकपूरच्या जुन्या बंगल्यांपुढील हिरवळीला जाग येते. थंडीत पिवळी पडलेली ही दूर्वाच, आपल्याकडील हरळी. उष्मा वाढू लागताच ती नवे धुमारे सोडते. म्हणून तिला खत घालण्याचा काळ हाच. पुरते कुजलेले खत चाळून पातळ पसरावे व पाणी द्यावे, एवढाच विधी. घाई करून अर्धकच्चे खत घातले तर मुळे पोळतात.

येथील उद्यान आखविले लॉर्ड वेलस्लीने. १८०३ साली असईच्या रणात ज्याच्या फौजा मराठ्यांशी झुंजल्या, त्याच गव्हर्नर-जनरलने त्याच सुमारास हुगळीकाठी हा विलायती थाट मांडला. येथे फिरताना ही आठवण आम्हांस टोचल्यावाचून राहत नाही.

परंतु दृष्टी जरा नदीपलीकडे टाकावी. समोर श्रीरामपूर. तेथील मिशनरी विल्यम केरी याने १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठीचा कोश प्रसिद्ध केला; आणि त्यानेच १८२० साली कलकत्त्यास कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापिली. भाषा आणि माती या दोहोंची त्याला सारखीच ओढ होती. मराठीच्या कामी त्याला साह्य होते ते फोर्ट विल्यम कॉलेजातील पंडित वैजनाथ यांचे. केरीचे नाव सर्वतोमुखी आहे. वैजनाथांचे किती मराठी वाचकांस ठाऊक असेल?

खताच्या इतिहासातही असेच एक नाव झाकले गेले आहे. आल्बर्ट हॉवर्ड १९२४ साली होळकरांच्या इंदुरास आले. तेथील संशोधनसंस्थेत पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ओलावा राखून आणि ढीग वरचेवर खालीवर करून सुमारे ३ महिन्यांत भुसभुशीत खत सिद्ध करण्याची रीत बसविण्यात आली. चिनी शेतकऱ्यांच्या पुरातन अनुभवाचा तिला आधार होता. १९३१ साली ती विशद करणारा ग्रंथ निघाला. त्यावर हॉवर्डांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. पुढे ‘इंदूर पद्धत’ देशोदेशी पोहोचली, हॉवर्डांची गणना सेंद्रिय शेतीच्या प्रवर्तकांत होऊ लागली. वाडांचे नाव मात्र क्वचितच कानी पडते.

परप्रांती चाकरी करणाऱ्या आम्हा मंडळींना यात नवल वाटू नये. बदलीचा हुकूम येतो, बंगला दुसऱ्याच्या हवाली होतो, आणि आम्ही फाल्गुनात घातलेल्या खतावर आषाढात भलत्याच्याच अंगणात हिरवळ डोलते. त्याची खंत आम्ही करीत नाही. खताचा धर्मच मातीत मिसळून जाण्याचा. पण माणसे म्हणजे खत नव्हे. ज्यांच्या श्रमांवर ही हिरवळ उभी आहे, त्यांची नावे तरी मातीआड होऊ न देणे, एवढे आमच्या हाती खास आहे.