फितीचा रंग कोणी बदलला?

आजी, बहीण आणि मुलगी. कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीत राहणाऱ्या शार्लट हेली यांच्या घरातल्या या तिघींना स्तनाच्या कर्करोगाने गाठलं होतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, अडुसष्टाव्या वर्षी, हेलीबाई जेवणाच्या टेबलावर पीच रंगाच्या रिबिनीचे तुकडे कापून त्यांच्या फिती करू लागल्या. एका कार्डासोबत पाच फिती. कार्डावर हिशेब असे: राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं वर्षाचं बजेट १.८ अब्ज डॉलर, त्यातले प्रतिबंधावर जेमतेम ५ टक्के. ही फीत लावा आणि लोकप्रतिनिधींना जागं करा. देणगीबद्दल एक अक्षर नाही. किराणा दुकानांत त्या ही कार्डं वाटत, नामवंत स्त्रियांना पत्रं धाडत.

पैसे मागण्याची रीत मात्र या फितीहून बरीच जुनी. १९३६मध्ये अमेरिकेत ‘विमेन्स फील्ड आर्मी’ उभी राहिली. खाकी गणवेशातल्या या स्वयंसेविका दारोदार जाऊन एकेका डॉलरची वर्गणी गोळा करत आणि सांगत, गाठ लागली तर लपवू नका, लवकर डॉक्टरकडे जा. आजाराचं नावही दबक्या आवाजात घेण्याचा तो काळ. परक्या दारात उभं राहून हे बोलायला किती धैर्य लागलं असेल! पुढे नॅन्सी ब्रिंकर यांनी १९८० साली गेलेल्या बहिणीच्या, सुझन कोमेनच्या नावाने संस्था काढली. १९८३मध्ये डॅलसला तिची पहिली निधी-दौड झाली, ८०० जणींची. मुंबईत २०१२ साली सुरू झालेली पिंकॅथॉन ही दौड याच वाटेवरची.

१९९२मध्ये ‘सेल्फ’ मासिकाच्या संपादक अलेक्झांड्रा पेनी आणि एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या एव्हलिन लॉडर यांना आपल्या मोहिमेसाठी हेलीबाईंची फीत हवी होती. हेलीबाईंनी साफ नकार दिला. त्यांना यात धंद्याचा वास आला. मासिकाच्या वकिलांनी तोडगा सुचवला: रंग बदला. फीत गुलाबी झाली. त्या वर्षी या कंपनीच्या काउंटरांवरून १५ लाख फिती वाटल्या गेल्या, सोबत स्वतःची तपासणी कशी करावी हे सांगणारं कार्ड. पण बजेटमधल्या त्या ५ टक्क्यांचा प्रश्न या फितीबरोबर आला नाही. मला हे मोठं नुकसान वाटतं.

गुलाबी रंगाने माल खपतो हे मग कंपन्यांनी चटकन हेरलं. एका दह्याच्या ब्रँडची योजना होती: डब्याचं गुलाबी झाकण धुऊन टपालाने पाठवा, आम्ही प्रत्येकी १० सेंट देऊ. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्रेस्ट कॅन्सर अ‍ॅक्शन’ या संघटनेने आकडेमोड केली. रोज तीन डबे चार महिने खाल्ले, तर देणगी होते ३६ डॉलर. ‘गुलाबी घेण्याआधी विचार करा’ ही मोहीम त्यांनी २००२मध्ये सुरू केली.

याउलट १९९८चं टपाल तिकीट पाहा. कॅलिफोर्नियातले शल्यचिकित्सक अर्नी बोडाई यांनी त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने पाठपुरावा केला होता. चित्रात रोमन देवता डायना, हात पाठीवरच्या भात्याकडे नेलेला. टपालखर्च ३२ सेंट, तिकीट ४० सेंटांना. वरचे पैसे संशोधनाला, ७० टक्के राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे, ३० टक्के संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधनाकडे. किती द्यायचे आणि ते कुठे जाणार, हे आधीच ठरलेलं. निधी असा मागावा.

या तिकिटाचा, लॉडर यांनी १९९३मध्ये काढलेल्या संशोधन-निधीचा आणि कोमेन संस्थेचा पैसा पुढे एकाच चाचणीत पोहोचला. ‘टेलरएक्स’ नावाच्या या चाचणीत सरकारी निधीच्या जोडीला या तिघांचा हात होता. १०,०००हून जास्त स्त्रिया तिच्यात सहभागी झाल्या. २०१८च्या निष्कर्षाने दाखवलं की हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या, काखेतल्या गाठींपर्यंत न पसरलेल्या अशा सर्वसामान्य प्रकारच्या कर्करोगात जवळपास ७० टक्के स्त्रियांना केमोथेरपीची गरज नाही. हार्मोनचे उपचार पुरतात.