बार्शी रोडचे चेहरे

रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकांत कुर्डुवाडी शोधायला गेलात तर सापडणार नाही. तिथे आहे ‘बार्शी रोड’. जीआयपी रेल्वेचा पुण्याकडून येणारा मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोचला. बार्शीला जाणाऱ्याने वाटेत जिथे उतरावे, त्या स्टेशनाला कंपनीने हे नाव देऊन टाकले. बार्शी तिथून वीसेक मैल आत. स्टेशन ज्याच्या जमिनीवर उभे त्या गावाचे नाव पाटीवर नाही, जिथे लोकांना जायचे आहे त्याचे आहे. पुढे पाटी बदलली, पण लोकांची नजर फारशी बदलली नाही. पंढरपूरला, बार्शीला, लातूरला जाणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या कुर्डुवाडीत गाडी बदलत आली. या गावात उतरले सगळेच. त्याच्याकडे पाहिले मात्र फार थोड्यांनी.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. रेल्वेच्या क्वार्टरात वाढलो, पोटापाण्याची नोकरी वेगळीच केली. गेली बारा-तेरा वर्षे सुटीच्या दिवशी या गावातल्या घरांतून जुने फोटो पाहतो, त्यांच्या नकला करतो, आणि फोटोतली माणसे कोण ते विचारून लिहून ठेवतो. या तीन कामांतले तिसरे सर्वांत निकडीचे, असे माझे मत झाले आहे. ते का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी गाव कसे घडले ते थोडक्यात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जीआयपीत नोकरीला आला. बार्शीच्या कापसाचा आणि पंढरपूरच्या यात्रेकरूंचा हिशेब मांडून त्याने स्वतंत्र कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी अरुंद मापाची ‘बार्शी लाइट रेल्वे’ सुरू केली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. गाडी लहान म्हणजे कामही लहान, ही समजूत त्याला मान्य नव्हती. इंजिन असो वा मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, तो सगळीकडे सारखा वाटायचा. मग हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, असा त्याचा सिद्धांत. तो खरा ठरला. पंढरपूर १९०६ मध्ये जोडले गेले, निजामाच्या मुलखातले लातूर १९११ मध्ये, आणि पंढरपूरच्या पुढे मिरज १९२७ मध्ये. दोनशे मैलांहून थोडा अधिक असा हा पसारा १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ताब्यात घेतला. (कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले. आपल्याकडे ही गोष्ट सांगितली की लोक त्याच्या रेल्वेपेक्षा पॅराशूटवरच जास्त प्रश्न विचारतात.)

याच अभियंत्याने इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये, याच मापाची, ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ नावाची आठ-सव्वाआठ मैलांची रेल्वे बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तीस वर्षांचे आयुष्य. पण तिच्या उखडलेल्या वाटेवर आज लोक हौसेने चालतात आणि हल्म एंड या शेवटच्या स्टेशनावर तिची आठवण जपणारे केंद्र आहे. बार्शी लाइट रेल्वे शंभर वर्षांहून अधिक चालली. तिची आठवण आमच्याकडे पत्र्याच्या पेट्यांत, कपाटावरच्या पिशव्यांत आणि देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण पेटीला कुलूप असते आणि किल्ली म्हाताऱ्या माणसाकडे असते.

बाहेरून आलेल्यांनी या रेल्वेचे फोटो काढले नाहीत असे नाही. वाफेच्या इंजिनांचे वेड असलेली परदेशी मंडळी इथे येत. त्यांचे फोटो उत्तम आहेत, इंजिनाचा क्रमांक, चाकांची मांडणी, सगळे नीट दिसते. फक्त इंजिनावरचा माणूस एकतर धुरात आहे नाहीतर चौकटीच्या बाहेर. घरातल्या फोटोंत नेमके उलटे. तिथे माणूस मधोमध, छातीवर उजेड, आणि इंजिन मागे अर्धेमुर्धे, कधी नुसता धुराडा. गावाचा इतिहास मला या दुसऱ्या प्रकारात सापडतो, आणि बहुधा कडेला सापडतो. बारशाच्या फोटोत मागे कोळशाचा ढीग असतो. नव्या सायकलीच्या फोटोत क्वार्टरांची रांग आणि सार्वजनिक नळ असतो. सायकल कुणाची हे घरच्यांना महत्त्वाचे; नळ कुठे होता हे मला.

फोटोचा काळ ठरवायलाही या कडा उपयोगी पडतात. डब्याच्या अंगावर ‘बीएलआर’ ही कंपनीची अक्षरे असतील तर फोटो सरकारीकरणाच्या आधीचा, ‘सीआर’ असतील तर नंतरचा, हे ढोबळ माप. ढोबळच म्हणतो, कारण १ जानेवारीला सगळ्या डब्यांवर नवा रंग चढलेला नसतो. मग मागचा स्टुडिओचा शिक्का पाहायचा, पुठ्ठ्याची जात पाहायची, फोटोतले मूल आज किती वर्षांचे ते विचारायचे. मूल हे सर्वांत भरवशाचे.

आता एक फोटो जरा सावकाश पाहू. असे फोटो इथल्या पुष्कळ जुन्या रेल्वे-घरांत आहेत: वर्कशॉपमधल्या कुणाच्या तरी निरोप समारंभाचा. पहिल्या रांगेत खुर्च्या. मधोमध साहेब, त्याच्या शेजारी गळ्यात हार घातलेला निवृत्त होणारा माणूस, दोन्ही बाजूंना फोरमन, चार्जमन, हेडक्लार्क. मागे बाकांवर उभे फिटर, टर्नर, लोहार, बॉयलरवाले. पुढे जमिनीवर मांडी घालून खलाशी आणि शिकाऊ पोरे. रेल्वेतली उतरंड समजून घ्यायला दुसरे पुस्तक नको. पण खरी गोष्ट फोटोखालच्या पुठ्ठ्यावर आहे. तिथे इंग्रजीत ‘खुर्चीवर, डावीकडून उजवीकडे’ असे म्हणून नऊ नावे छापली आहेत. नऊ खुर्च्या, नऊ नावे. उभे असलेले आणि जमिनीवर बसलेले मिळून चाळीसच्या वर माणसे आहेत, आणि त्यांच्यासाठी एकच शब्द आहे: स्टाफ.

माझे काम या शब्दाखाली दडलेली नावे काढण्याचे आहे. हा फोटो घेऊन मी निदान पंधरा घरे फिरलो. निवृत्त कामगारांना माणसे ओळखू येतात ती हुद्द्यावरून आणि टोपणनावावरून. भट्टीवर काम करणारा तो ‘भट्टीचा अण्णा’, मापात कुणाला सवलत न देणारा तो ‘इंची मामा’. हजेरीपटावर त्यांची नावे वेगळी असणार. मी दोन्ही लिहितो, कारण मुलांना एक नाव माहीत असते आणि गावाला दुसरे. मागच्या रांगेतल्या एका माणसावरून दोन जुन्या सोबत्यांचे जुळेना. एक म्हणे हा लेथवरचा, दुसरा म्हणे छे, तो तर लोकोशेडचा, आमच्यात आलाच कसा. मी निवाडा केला नाही. दोघांची म्हणणी, कोणी आणि कोणत्या दिवशी सांगितली त्या तारखेसह टिपून ठेवली.

या फोटोत एकही बाई नाही, आणि सर्वांत जास्त नावे मला मिळाली ती एका बाईंकडून. वय ऐंशीच्या पुढे. वर्कशॉपच्या आत त्या कधी गेल्या नाहीत. फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, “अरे, हा टाकीजवळच्या लायनीतला. ह्याच्या बायकोची न् माझी पाण्याची पाळी एकच. आणि हा तिच्या बहिणीचा मालक. नाव काय घेऊन बसलास बाळा, घर विचार, घर सांगते.” घरावरून नाव निघाले, नावावरून गाव. कोण करमाळ्याचा, कोण बार्शीचा, कोण मद्रासकडून आलेल्या फायरमनचा मुलगा. एका दुपारी अकरा माणसे ओळखली गेली. पुरुषांच्या आठवणीत वर्कशॉप खात्यांनी विभागलेले आहे, बायकांच्या आठवणीत क्वार्टरांनी आणि नळांनी. गावाच्या नकाशासाठी मला दुसरी विभागणी जास्त कामाची वाटते. संशोधनाच्या पुस्तकांतून ‘माहीतगार’ म्हणून पुरुषांचीच नावे येतात. त्यांच्या घरी चहा कोणी केला होता आणि तिला काय विचारले असते तर काय सांगता आले असते, याचा विचार व्हायला हवा होता.

ज्यांचे फोटोच नाहीत त्यांचे काय? गँगमनांच्या वस्तीत पेटी उघडली की बहुधा एकच फोटो निघतो. ओळखपत्रावरचा, चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर कचेरीचा गोल शिक्का. माणूस गेल्यावर मुले तोच फोटो घेऊन स्टुडिओत जात. तिथे तो मोठा करून, शिक्का खरवडून, ब्रशने गडद कोट रंगवून मिळे. आज भिंतीवर हार घातलेला जो माणूस कोटात दिसतो, त्याने उभ्या जन्मात कोट घातलेला नसतो. रूळ ठोकायला कोट लागत नाही. मी अशा फोटोंची नक्कल घेताना कोट रंगवलेला आहे अशी नोंद आवर्जून करतो. त्यातले असत्य दाखवायला नव्हे. वडिलांना कोट असावा असे मुलांना वाटले, हीसुद्धा इतिहासातलीच गोष्ट आहे.

दुसरी उणीव वारीची. आषाढी-कार्तिकीला हे स्टेशन कसे फुलून जाई, टपावर माणसे कशी बसत, याची वर्णने कुर्डुवाडीतले कोणीही ऐकवील. पण घरगुती पेट्यांत वारीचा फोटो जवळजवळ नाही. कारण साधे आहे. वारी दरवर्षीच येई, आणि त्या दिवसांत रेल्वेच्या माणसाला घरी जेवायलाही फुरसत नसे, फोटो कोण काढणार? रोजच्या गोष्टींचे फोटो लोक काढत नाहीत. वर्कशॉपचा भोंगा, खांद्यावरचा जेवणाचा डबा, कोळशाने काळवंडलेले कपडे दगडावर आपटणारी बाई, यांतले काही मुद्दाम टिपलेले मला दिसलेले नाही. वारी माझ्याकडे एकदाच आली आहे. लग्नाला निघालेल्या एका कुटुंबाचा फलाटावरचा फोटो, आणि त्यांच्या मागे, अस्पष्ट, पताकांची दाटी.

जतनाविषयी चार शब्द, कारण वाचकांच्या घरीही पेट्या असतीलच. पन्नास-साठच्या दशकांतले काळे-पांढरे फोटो चिवट आहेत. ओल आणि कसर यांपासून वाचवले की टिकतात. खरे नुकसान झाले ते नंतर आलेल्या चिकट पानांच्या अल्बमांनी. वरचे प्लॅस्टिक आणि खालचा डिंक मिळून फोटो खातात, आणि सोलून काढायला गेले की चेहरा पानावरच राहतो. लॅमिनेशन तर कधीच करू नये, ते परत उलगडता येत नाही. रंगीत फोटो लाल-पिवळे पडत चालले आहेत, त्यांच्या नकला आधी घ्याव्यात. मी मूळ फोटो घरी नेत नाही. स्कॅनर बरोबर नेतो, त्यांच्याच ओट्यावर बसून नक्कल घेतो आणि मागची बाजूही स्कॅन करतो, कारण शाई, शिक्का, उधारीचा हिशेब सगळे मागेच असते. नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे जतन नव्हे. तिथे फोटो बारीक होतो, आणि तिसऱ्या माणसाकडे पोचेपर्यंत नावे गळून नुसते ‘जुन्या आठवणी’ एवढेच उरते.

गंमत म्हणजे सर्वांत कमी फोटो माझ्याकडे आहेत ते सर्वांत अलीकडच्या काळाचे. या शतकाच्या पहिल्या दशकात अरुंद रूळ टप्प्याटप्प्याने उखडून रुंद टाकण्यात आले. त्या शेवटच्या दिवसांत लोकांच्या हातात पहिले कॅमेऱ्याचे मोबाइल होते. ते मोबाइल आता नाहीत. जे पुठ्ठ्यावर चिकटवले होते ते सत्तर वर्षे राहिले. जे खिशात होते ते दहा वर्षांत गेले.

मघाच्या निरोपाच्या फोटोतली सव्वीस नावे आजवर लागली आहेत. मागच्या रांगेतला, डावीकडून पाचवा, कानाला बिडी लावलेला माणूस कुणालाच ओळखू येत नाही. त्याच वेळच्या एका टर्नरची सून भुसावळला राहते, आणि सासऱ्यांची पेटी तिच्याकडे आहे असे कळले. दिवाळीनंतर जाणार आहे. पेटीत किती फोटो आहेत ते त्यांनी अजून पाहिलेले नाही. सासूबाई त्यांच्याजवळच असतात, कानांनी कमी, पण डोळ्यांना अजून स्वच्छ दिसते, असे त्या फोनवर म्हणाल्या.