फटफटीची नळी : एका निवडीचा इतिहास

काही वस्तूंना भाषेने त्यांच्या कामावरून नाव दिले, काहींना रूपावरून. मोटारसायकलला मराठीने नाव दिले ते तिच्या आवाजावरून. गावात हे वाहन प्रथम आले तेव्हा ते दिसण्याआधी ऐकू आले, आणि म्हणून ते ‘फटफटी’ झाले. हा आवाज जिथून बाहेर पडतो ती मागची नळी, म्हणजेच सर्वांच्या तोंडचा ‘सायलेन्सर’, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या आपल्या भागात ज्या घरांच्या पडवीत वडिलांची किंवा आजोबांची गाडी अजून उभी आहे, त्यांना हा प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच : मूळची नळी गंजून गेली, आता बाजारातली कोणती बसवायची? दुसरीकडे, ज्या घरातला मुलगा नवी गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात तिची नळी बदलू पाहतो, त्या घरात हाच प्रश्न वादाचे रूप घेतो. दोन्ही प्रश्न दिसायला एक असले तरी त्यांची उत्तरे निराळी आहेत. ती का निराळी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून दुचाकी चालवली. मोटारसायकलचा इतिहास तिथून सांगण्याची रीत आहे. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचा जो भडका उडतो, त्यातून उरलेला वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतो. हा दाब एकदम मोकळा झाला की हवेला जो धक्का बसतो, तोच आपल्याला आवाज म्हणून ऐकू येतो. हा धक्का बोथट करणाऱ्या साधनाचे पेटंट अमेरिकेतील रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये घेतले. इंग्रजांनी अशा साधनाला ‘सायलेन्सर’ म्हटले आणि त्यांच्या अमलाबरोबर तो शब्द आपल्याकडे रुळला. त्याच्या पोटातले कप्पे, छिद्रे आणि जाळ्या आवाज पूर्णपणे घालवीत नाहीत. वायूला पसरायला जागा देऊन त्याचा जोर टप्प्याटप्प्याने उतरवतात.

आवाजावरचे भांडणही या वाहनाइतकेच जुने आहे. इंग्लंडमध्ये वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स येथे १९०७ साली शर्यतीचा मार्ग सुरू झाला. आसपासच्या रहिवाशांनी गाड्यांच्या आवाजाविरुद्ध तक्रारी केल्या, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि १९२० च्या दशकात तिथे शर्यतीच्या गाड्यांनाही ठराविक धाटणीचा सायलेन्सर सक्तीचा झाला. वेगासाठीच उभारलेल्या जागीसुद्धा शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करावा लागला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या भागात मोटारवाहतूक रुजली ती निजामाच्या अमदानीत. संस्थानच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी सरकारी सेवा सुरू केली. खाजगी मोटारसायकल मात्र खेड्यापाड्यांत अपवादानेच दिसे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात. सोयरिकी मात्र वाटल्या गेल्या नाहीत. उदगीरची लेक भालकीत नांदत होती, बसवकल्याणची उमरग्यात. दारी फटफटी असली की पलीकडचे लग्न, बारसे किंवा दहावा आटोपून त्याच दिवशी घरी परतता येई. सीमाभागातील जुन्या कुटुंबांना या गाड्यांविषयी जो जिव्हाळा वाटतो, त्याचे मूळ या येण्याजाण्यात आहे.

ज्या राज्यात आपण आलो, त्याच राज्यातील म्हैसूर शहरात आयडियल जावा कंपनी १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या तयार करू लागली. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि त्याच साली या गाड्याही ‘येझदी’ नावाने बाजारात आल्या. सिलिंडर एकच, पण त्याला दोन नळ्या, दोन्ही अंगांना एकेक, ही या गाडीची खूण. इंजिन दोन धावांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. अशा इंजिनात धूर बाहेर सोडायला झडप नसते. सिलिंडरच्या भिंतीला भोक असते आणि दट्ट्या खालीवर होताना ते उघडते-मिटते. भोक उघडे असताना जळलेल्या वायूबरोबर ताजे पेट्रोलही निसटू पाहते. ते अडवण्याचे काम नळी करते. नळीच्या रुंदावत जाणाऱ्या भागातून ओढीची लाट मागे येते आणि सिलिंडर रिकामा करते. निमुळत्या होत जाणाऱ्या भागावर आपटून दाबाची लाट परत येते आणि निसटलेले पेट्रोल पुन्हा आत लोटते. लाट वेळेवर पोचली तर गाडी पळते, चुकली तर पेट्रोल वाया जाते. सारांश, टू-स्ट्रोकची नळी हा इंजिनाचाच अवयव आहे.

या विद्येचे मोल जगाने एका विलक्षण घटनेतून ओळखले. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात नळीच्या आकाराचे हे गणित बसवले होते. त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर १९६१ साली देश सोडून पळाला आणि ती माहिती जपानच्या सुझुकी कंपनीकडे घेऊन गेला. पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीच्या गाडीवर ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले.

बुलेटची प्रकृती निराळी. इंग्लंडच्या रेडिच येथील रॉयल एनफील्डची ही गाडी १९५५ साली स्थापन झालेल्या एनफील्ड इंडियाने मद्रासेत बनवायला घेतली. जुन्या बिडाच्या इंजिनात दट्ट्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि धाव ९० मिलिमीटर. लांब धावेचे, जड चाकाचे, सावकाश फिरणारे हे चार धावांचे इंजिन. त्यात दोन फेऱ्यांमागे एकदा भडका उडतो. गाडी जागेवर उभी राहून मिनिटाला ९०० फेऱ्या घेत असेल, तर भडके ४५०, म्हणजे सेकंदाला साडेसात. ठोके सुटे ऐकू येतात ते यामुळे. तेवढ्याच फेऱ्यांत जावाचे भडके दुप्पट होतात, म्हणून तिचा आवाज सलग भासतो. ज्या ठोक्यांसाठी आज महागड्या नळ्या विकत घेतल्या जातात, त्यांचे मूळ इंजिनाच्या घडणीत आहे. नळी त्यांना मोठे करू शकते, नव्याने निर्माण करू शकत नाही.

१९८५ साल या कथेत महत्त्वाचे. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली आणि एस्कॉर्ट्सने यामाहाची आरएक्स १०० बाजारात आणली. पहिली चार धावांची, थोड्या पेट्रोलवर मुकाट्याने चालणारी. दुसरी दोन धावांची, अवघ्या ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती काढणारी, खणखणीत आवाजाची. तोपर्यंत आवाज हा गाडीबरोबर येणारा गुण होता. आता तो पसंतीचा विषय झाला. पुढे १९९६ साली आयडियल जावाचा कारखाना बंद पडला, त्याच साली आरएक्स १०० चे उत्पादनही थांबले, आणि २०१० च्या सुमारास बुलेटचे जुने बिडाचे इंजिनही इतिहासजमा झाले. गाड्या राहिल्या, सुटे भाग आटत गेले. यामुळे बाजारातली नळी ही जुन्या गाडीवाल्यांची गरज बनली, तर नव्या गाडीवाल्यांची हौस.

गरजेपोटी नळी घेणाऱ्याने काय पाहावे? पहिली कसोटी मापाची. मूळ नळीची लांबी, पोटाचा व्यास, शेपटाचा आकार आणि आतली जाळी यांच्याशी नवी नळी जुळली पाहिजे. टू-स्ट्रोकमध्ये या मापांत केलेली हयगय थेट ताकदीवर आणि पेट्रोलच्या खर्चावर उठते. ‘जाळी काढली की गाडी मोकळी होते’ अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात आवाज वाढतो आणि कमी वेगातली ओढ बहुधा घटते. दोन माणसे आणि पोते घेऊन चढ चढायचा असेल, तेव्हा हीच ओढ हवी असते. जाळीत काजळी साचली असेल तर ती काढून स्वच्छ करावी आणि परत बसवावी. दुसरी कसोटी धातूची. पातळ पत्र्यावर क्रोमचा मुलामा दिलेली नळी दुकानात चमकते, पण टू-स्ट्रोकचे तेल आणि पावसाळ्याची ओल यांपुढे टिकत नाही. पत्र्याची जाडी, सांध्यांचे वेल्डिंग आणि वजन हातात घेऊन पाहावे. तिसरी कसोटी बसण्याची. इंजिनाला जोडणारा बेंड पाईप आणि त्याचे पॅकिंग यांतून धूर गळत असेल, तर उत्तम नळीही कुचकामी ठरते.

‘लाँग बॉटल’, ‘शॉर्ट बॉटल’, ‘इंदोरी’, ‘पंजाब’ अशा नावांनी बुलेटसाठी विकल्या जाणाऱ्या नळ्यांचा आणखी एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. नळी फार मोकळी असली की कार्ब्युरेटरच्या इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल अपुरे पडते, इंजिन तापते, बेंड पाईप निळा पडतो आणि मूठ सोडताना फटाके वाजतात. अनेकांना हे फटाके शौर्याचे वाटतात. मिस्त्रीच्या लेखी ती तक्रार असते. नळी बदलल्यावर काही दिवसांनी प्लग उघडून पाहावा. विटकरी रंग असेल तर मिश्रण बरोबर, पांढुरका असेल तर पेट्रोल कमी, काळा असेल तर जास्त.

नव्या गाड्यांची गोष्ट याहून वेगळी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले. आजच्या गाडीत धुरातील विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुराच्या मार्गातच बसवलेला असतो आणि प्राणवायू मोजणारा सेन्सर तिथूनच इंजिनाला सूचना देतो. हा मार्ग बदलणे म्हणजे गाडीचे नाक आणि फुप्फुस दोन्ही बदलणे होय.

कायद्याचेही म्हणणे स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारे साधन बंधनकारक करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका पुन्हा ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात; आवाजाच्या मानकांचा भंग करून गाडी चालवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हा कायदा केंद्राचा आहे. म्हणून पाटी केए-३८ असो, केए-३२ असो वा लातूरची एमएच-२४, सीमा ओलांडल्याने नळीचा नियम बदलत नाही. पीयूसीचा दाखलाही इथे कामाचा नाही, कारण त्या तपासणीत धूर मोजतात, आवाज नव्हे. मूळ मापाची आणि तितकीच शांत नळी बसवणे ही मात्र निव्वळ दुरुस्ती ठरते.

आकडे पाहिले की या नियमांचा हेतू कळतो. कारखान्यातून निघताना ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला ७७ डेसिबल आणि त्यावरील दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. डेसिबल दहाने वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. जाळी काढलेली एक गाडी रात्री गल्लीतून गेली की वृद्ध, तान्ही मुले आणि आजारी माणसे एकदमच जागी होतात. बिदरला यंत्रांच्या आवाजाचे वावडे नाही. वायुदलाच्या तळावरील प्रशिक्षण विमाने शहराने वर्षानुवर्षे ऐकली आहेत. पण त्या आवाजामागे प्रयोजन असते. महाराष्ट्र-कर्नाटकातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या नळ्यांवरून रोडरोलर फिरवला, तो प्रयोजन नसलेल्या आवाजावर.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या कुटुंबांना एक सूचना करावीशी वाटते. मूळ नळी अजून शाबूत असेल, तर ती गंजून जाण्याआधी तिची लांबी, व्यास, शेपटाचा आकार, जाळीवरील छिद्रांची संख्या आणि पत्र्याची जाडी मोजून कागदावर उतरवून ठेवावी. हा कागद आरसी बुकाबरोबर जपावा. मापे हाताशी असली की चांगला कारागीर तशीच नळी घडवू शकतो. आपण दस्तऐवज, वंशावळी, जमिनीचे उतारे सांभाळतो. ज्या यंत्राने सीमेच्या दोन्ही बाजूंची घरे जोडून ठेवली, त्याची मापेही त्यांच्या शेजारी ठेवायला हरकत नाही. म्हणजे पुढच्या पिढीला ती गाडी चालू स्थितीत आणि तिच्या स्वतःच्या आवाजात मिळेल.